लायलनं घातलेला बर्फ

सोमवारी सकाळी हार्लननं रिंकच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाला, "कॉम्प्रेसर बंद कर, मोठी दारं उघडी टाक, बर्फ सुटू दे. बुधवारपर्यंत सगळा खरवडून बाहेर. एवढं जमेल ना?"

"जमेल," मी म्हणालो.

हार्लन शाळेच्या रिंकचा, म्हणजे आइस हॉकीच्या बंदिस्त मैदानाचा, व्यवस्थापक. त्याच्या बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून तो तिला घेऊन डुलूथला, शहरातल्या दवाखान्यात, निघाला होता. गुरुवारी परतणार होता. गाडी सुरू केल्यावर त्यानं पुन्हा काच खाली केली. "शनिवारी इथं चारशे खुर्च्या मांडायच्यात, सेपाला. ओल्या फरशीवर कोणी म्हातारी घसरून पडली तर तुझ्या नावानं बोंब होईल."

"जमेल म्हटलं ना!"

"तुझं 'जमेल' मला माहितीये," तो म्हणाला आणि गेला.

त्या चारशे खुर्च्या माझ्या भावासाठी होत्या.

लायल डिसेंबरच्या एकोणीस तारखेला तळ्यात बुडून गेला. आमच्याकडं हिवाळ्यात जमीन चार चार फूट गोठते, कुदळ मारली तर ठिणगी उडते. म्हणून हिवाळ्यात जो जातो त्याला दफनभूमीच्या कडेला जी दगडी खोली आहे तिच्यात ठेवतात, आणि जमीन मऊ झाली की पुरतात. लायल चार महिने त्या खोलीत होता. मागच्या आठवड्यात खड्डे खणणाऱ्यानं निरोप पाठवला की फावडं आत जातंय. चर्चमध्ये सव्वाशे माणसं मावतात. लायलला ओळखत नाही असं गावात कोणी नाही. म्हणून पाद्रीबाबा आणि शाळेची मास्तरीणबाई यांनी ठरवलं, प्रार्थना रिंकमध्ये करायची. आणि रिंकमध्ये बर्फ होता.

तो बर्फ लायलनं घातला होता. गेल्या ऑक्टोबरात. कॉम्प्रेसरनं फरशीखालच्या नळ्या गार करायच्या, मग पाण्याचा बारीक फवारा मारायचा, एक थर गोठला की दुसरा. मग पांढरा रंग, मग लाल-निळ्या रेघा, मग वर पुन्हा थर. सगळा मिळून दीड इंच, पण त्याला पाच दिवस लागतात. ते पाच दिवस लायल घरी यायचा नाही, खेळाडूंच्या बाकावरच झोपायचा. रेघा मारताना दोरीचं दुसरं टोक मी धरलं होतं. ती ढिली पडली तसा त्यानं रंगाचा ब्रश मला फेकून मारला. "बारक्या, रेघ वाकडी आली तर गाव वर्षभर मला शिव्या घालेल, तुला नाही!"

माझं नाव डग सेपाला, पण बारक्या म्हणूनच मला सगळे ओळखतात. ते त्यानंच पाडलं.

सोमवारी मी कॉम्प्रेसरच्या खोलीत गेलो. बटणावर हात ठेवला आणि काढून घेतला. हार्लनला संध्याकाळी फोनवर सांगितलं, बंद केलाय, वितळतोय.

का नाही बंद केला, ते सांगतो.

शाळेत असताना लायल हॉकी संघाचा गोली होता, म्हणजे गोल राखणारा. ताजा बर्फ आरशासारखा असतो, त्यावर पाय ठरत नाही. म्हणून खेळ सुरू व्हायच्या आधी गोली आपल्यापुढचा निळ्या रंगाचा अर्धगोल पायातल्या स्केटच्या पात्यानं खरवडतो, डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं, कोंबडी माती उकरते तसा. मग काठीनं मागचे गोलचे खांब ठोकतो. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. लायलची अशी, उजव्या खांबाला एक, डाव्याला दोन. टण्... टण् टण्. शाळा सुटून सहा वर्षं झाली होती तरी सराव संपल्यावर एकटाच गोलपुढं उभा राहून तो हेच करायचा. मी म्हणायचो, "चल आता, भूक लागलीय." तो म्हणायचा, "एक मार की गोल. एक मारून दाखव, मग जाऊ." मी कधी मारू शकलो नाही.

तो गेल्यावर रिंकवरचं त्याचं काम हार्लननं मला दिलं. दया म्हणून दिलं, मला कळतं. जानेवारीच्या दहा तारखेला, संध्याकाळचा सराव आटोपल्यावर, मी म्हातारी फिरवली. म्हातारी म्हणजे बर्फ तासून त्यावर गरम पाणी सोडणारी आमची गाडी, ती खोकते म्हणून म्हातारी. तिच्या पोटातला भुगा मागच्या दाराबाहेर ओतला, दाराला आतून कडी घातली आणि दिवे घालवायला परत आलो.

उत्तरेकडचा निळा अर्धगोल खरवडलेला होता.

पाणी अजून नीट गोठलंही नव्हतं. बाकी सगळा बर्फ ओल्या काचेसारखा, एक ओरखडा नाही. आणि तिथं पांढरा भुगा दोन्ही बाजूंना सारलेला. मी बघत उभा राहिलो तेवढ्यात आवाज आला. टण्... टण् टण्.

मी घाबरलो नाही. खोटं वाटेल, पण मला आनंद झाला. गुडघ्यांवर बसून मी तो भुगा मुठीत घेतला आणि ढसाढसा रडलो. त्या दिवसापासून रोज. मी म्हातारी फिरवायचो, पाठ वळवायचो, आणि तो यायचा. मी कोणाला सांगितलं नाही. आईलाही नाही. तो माझ्याजवळ होता, एवढं मला पुरे होतं. आणि आता हार्लन म्हणत होता, बर्फ वितळव.

आणखी एक गोष्ट आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

एकोणीस तारखेला लायलला गोठलेल्या तळ्यावर बसून मासे धरायची आमची लाकडी खोपी स्नोमोबाइलला, बर्फावर चालणाऱ्या गाडीला, बांधून तळ्याच्या पलीकडच्या टोकावर न्यायची होती. मध्ये नदीचं तोंड लागतं. नदी जिथं तळ्यात शिरते तिथं पाणी खालून वाहतं राहतं आणि बर्फ पातळ असतो. हे आमच्याकडच्या पाच वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. लायल म्हणाला, "बारक्या, गिरमिट घे आणि तोंडापर्यंत चालत जा. दर वीस पावलांवर भोक पाडून बर्फ किती जाड ते मोज. मी खोपी बांधतो."

थंडी अशी होती की नाकातले केस गोठत होते. माझं आदल्या रात्रीचं डोकं दुखत होतं, हातमोजे ओले होते. मी वळणावरच्या झाडांआड गेलो, किनाऱ्यालगत एकच भोक पाडलं. बर्फ आठ इंच, खोपीसकट गाडी पेलेल इतका. तिथंच उभा राहून एक सिगरेट ओढली. मग परत येऊन सांगितलं, आठ इंच.

"सगळीकडं?" लायलनं विचारलं.

"सगळीकडं! सांगितलं ना."

तो गेला. तोंडापाशी बर्फ तीन इंच होता. ते नंतर शेरीफनं मोजलं.

शेरीफनं मला विचारलं, "बर्फ तुमच्यापैकी कोणी मोजला होता?" आणि मी म्हणालो, "लायलनंच."

तो शब्द माझ्या तोंडातून कसा आला मला माहीत नाही. आला आणि परत घेता आला नाही. चार महिने झाले, गाव एकच बोलतंय: आयुष्य बर्फात गेलं आणि मेला बर्फ न कळून. आई शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, तिच्या पाठीमागं बोलतात आणि तिला ऐकू जातं. रविवारी पाद्रीबाबा घरी आले होते. शनिवारी तरुणांच्या उतावीळपणावर चार शब्द बोलीन म्हणाले, म्हणजे इतर पोरं शिकतील. आईनं मान हलवली. मी समोरच बसलो होतो, बिस्किट खात.

तर सोमवारी दुपारी मी रिंकमध्ये एकटा होतो. बाहेर लख्ख ऊन, छपरावरून वितळलेलं पाणी टपटपत होतं, मैदानावर पोरं बेसबॉल खेळत होती. आत एकही खिडकी नाही. दोन दिवे लावले होते, तेवढाच उजेड. अमोनियाचा वास, ओल्या रबराचा वास, खेळाडूंच्या खोलीतून येणारा जुन्या घामाचा वास. आणि कॉम्प्रेसरची घरघर, जी सहा महिने सतत ऐकून आम्हाला ऐकू येईनाशी होते.

मी म्हातारी फिरवली आणि नेहमीसारखी पाठ वळवली.

टण्...

मी पुढच्या दोन ठोक्यांची वाट बघितली. आले नाहीत. बराच वेळ गेला. मग एक आला, पण उत्तरेकडून नाही. मधल्या लाल रेघेपासून. मग एक पलीकडच्या कोपऱ्यातून. मग एक खेळाडूंच्या बाकाजवळ, माझ्यापासून दहा हातांवर. तिथं ठोकण्यासारखं काही नव्हतं. नुसता बर्फ होता.

मी म्हटलं, "लायल? खेळतोयस काय?"

घरघर तेवढी चालू राहिली.

मंगळवारी सकाळी दार उघडलं तर एका ठिकाणी नाही, सगळ्या रिंकभर खरवडलं होतं. रिंकभोवतीच्या फळ्यांच्या कडेकडेनं गोल गोल. एकाच जागी वीस-वीस वेळा. मी ते म्हातारीनं पुसलं. दुपारपर्यंत पुन्हा तसंच. मला आनंद व्हायचा बंद झाला. मी जेवलो नाही. घरी जाऊन आईला म्हणालो, काम छान चाललंय.

बुधवारी आवाज बदलला. धातूवर काठीचा तो टणटणीत आवाज गेला आणि नुसतं धप् असं येऊ लागलं, ओल्या मुठीनं दार ठोकावं तसं. संध्याकाळी मी बर्फावर आडवा पडलो आणि कान लावला. गाल चिकटला. तो आवाज खालून येत होता. खाली काँक्रीट आहे. त्याच्याखाली वाळू. धप्... धप्... आणि प्रत्येक वेळी थोडा सरकलेला, माझ्या कानाखालून पायांकडं, पायांकडून दूर.

"इथं आहे मी," मी म्हणालो. "इकडं ये... इकडं, लायल."

तो सरकत लांब गेला.

गुरुवारी, म्हणजे आज, दुपारी साडेतीनला हार्लन आला. दार इतकं जोरात उघडलं की भिंतीवर आपटलं.

"कॉम्प्रेसर मला हमरस्त्यावरून ऐकू आला! गाडीची काच बंद असताना! तीन दिवस इथं काय अंडी उबवत होतास?"

"उद्या काढतो."

"उद्या खुर्च्या यायच्यात, गाढवा! मी बायकोला दवाखान्यातून घरी सोडलं आणि बूटसुद्धा न काढता इथं..." तो फळीपर्यंत आला आणि थांबला. "हे काय? कोणाला सोडलं होतंस आत?"

"कोणाला नाही."

"मग हे काय मी केलं डुलूथला बसून? सगळा बर्फ उकरून ठेवलाय."

"माझे स्केट घरी आहेत, हार्लन. बघा हवं तर. दाराला कुलूप होतं."

"तुझ्या भावाचा बर्फ आहे म्हणून तुला..." त्याचा आवाज खाली आला. "बघ, पोरा. मलाही वाईट वाटतं. सहा वर्षं तो माझ्या हाताखाली होता. पण बर्फ म्हणजे माणूस नाही. दरवर्षी घालायचा, दरवर्षी काढायचा. लायलनंच तुला हे—"

धप्.

हार्लनच्या डाव्या कानात ऐकायचं यंत्र आहे. त्यानं ते काढलं, शर्टाला पुसलं, पुन्हा घातलं.

"परत ठोक," तो म्हणाला.

"मी नाही ठोकलं."

धप्... आणि मग लांबून, पलीकडच्या टोकाकडून, धप्.

त्यानं टोपी काढली. मी हार्लनला घरात, चर्चमध्ये, कुठंही टोपीशिवाय पाहिलेलं नाही. त्याचं टक्कल त्या उजेडात पांढरं दिसत होतं.

"किती दिवस?" तो कुजबुजला.

"जानेवारीपासून. पण तेव्हा असं नव्हतं. तेव्हा एकाच जागी असायचं. उत्तरेच्या गोलपाशी. खांब ठोकायचा... तुम्हाला माहितीये तो कसा ठोकायचा."

"एक आणि दोन."

"हो."

"आणि असं केव्हापासून?"

"सोमवारपासून. आणि त्याच्या आधी... मार्चात स्केटिंगवाल्या मुलींचा कार्यक्रम होता ना, त्याच्यासाठी आपण गोलच्या चौकटी काढून ठेवल्या, परत लावल्या नाहीत. त्यानंतर एखाद्या दिवशी एकच ठोका यायचा. मी लक्ष दिलं नाही."

हार्लननं गोल नसलेल्या उत्तरेच्या टोकाकडं बघितलं. मग म्हणाला, "गोली खांब का ठोकतो, माहितीये तुला?"

"नशीब म्हणून."

"नशीब कसलं डोंबलाचं! गोलीला मागं वळून बघता येत नाही. खेळाची चकती समोर असते. म्हणून तो काठीनं चाचपतो. हा उजवा, हा डावा. मग त्याला कळतं आपण कुठं उभे आहोत." त्यानं टोपी दोन्ही हातांनी पिळली. "त्याला कळत नाहीये, पोरा... तो कुठं आहे ते."

तेव्हा मला तळं आठवलं.

पाणबुड्यांनी लायलला काढला तो, बर्फ फुटून जिथं तो आत गेला त्या भोकापासून चाळीस पावलांवर. तो उलट्या दिशेनं गेला होता. बर्फाखाली अंधारात त्याला भोक सापडलं नाही. त्याच्या बोटांची सालं गेली होती, मुठी फुटल्या होत्या. आईला हे कोणी सांगितलं नाही. मी बघितलं होतं. आणि तीन दिवस मी त्याला इथं कोंडून ठेवून बर्फाला कान लावून ऐकत होतो.

मी पळत सुटलो. सामानाच्या खोलीतून गोल ओढत आणला. ते दोघांचं काम असतं, पण मला कसं जमलं मला माहीत नाही. बर्फावर दोनदा पडलो, ओठ फुटला. हार्लन खाली उतरला, त्याच्या शहरातल्या चांगल्या बुटांनी घसरत. आम्ही गोल उत्तरेच्या रेघेवर बसवला, खुंट्या ठोकल्या. मग दोघंही मागं सरून फळीबाहेर आलो, फळ्यांवरच्या काचेआड उभे राहिलो.

ठोके थांबले होते. मी शंभरापर्यंत मोजलं असेल. मग उजवा खांब हलला. मी डोळ्यांनी बघितलं, जाळी थरथरली.

टण्...

"हं," हार्लन म्हणाला, जसा कोणी लहान पोराला चालायला शिकवताना म्हणतो. "हं... आता दुसरा..."

टण् टण्.

मी काचेला कपाळ लावलं. हार्लननं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मी कॉम्प्रेसर बंद करायला चाललोय. त्याला जायला हवं आता. तुला काही बोलायचं असेल तर बोलून घे."

तो गेला. मला बोलायचं नव्हतं. शप्पथ सांगतो, मला बाय बाय म्हणायचं होतं, एवढंच. पण तोंड उघडलं आणि दुसरंच बाहेर आलं.

"लायल... मी तोंडापर्यंत गेलो नव्हतो. किनाऱ्यालाच एक भोक पाडलं. मला थंडी वाजत होती. आणि शेरीफला मी तुझं नाव सांगितलं. तू मोजलास म्हणून सांगितलं."

निळ्या अर्धगोलात दोन रेघा उमटल्या. मग त्या पुढं सरकल्या. गोली कधी आपली जागा सोडून एवढं पुढं येत नाही. त्या दोन रेघा मात्र सावकाश, सरळ, माझ्याकडं आल्या, बर्फ करकरत होता, आणि काचेपासून हातभर अंतरावर थांबल्या. मी जिथं कपाळ टेकलं होतं त्याच्या वीतभर वर, पलीकडच्या बाजूनं, काचेवर श्वासाची वाफ आली. लायल माझ्यापेक्षा वीतभर उंच होता. वाफ आली, आकसली, पुन्हा आली. तीन वेळा.

मग कॉम्प्रेसर बंद झाला. सहा महिन्यांची घरघर एकदम गेली आणि कानांत नुसती शीळ वाजायला लागली. वाफ हळूहळू कडांपासून उडाली. पुन्हा आली नाही.

हार्लन दारात उभा होता. माझं बोलणं त्यानं ऐकलं होतं का, मी विचारलं नाही. तो म्हणाला, "घरी जा. मी काढतो हा. तुझ्या आईला सांग. मला सांगून काय उपयोग?" म्हणजे ऐकलं होतं.

मी घरी पोचलो तेव्हा पाच वाजले होते. आई शनिवारसाठी वेलदोड्याचा गोड पाव करत होती. टेबलभर कणीक, तिची तीन पेडांची वेणी घालत होती. स्वयंपाकघरात गरम वास होता. मी कोट न काढता तिला सगळं सांगितलं. गिरमिट, झाडं, सिगरेट, शेरीफ. तिनं एकदाही वर बघितलं नाही. वेणी पूर्ण केली, टोकं दुमडली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"हार्लनचा फोन आला होता?"

"हार्लनचा कशाला येईल? लायलनं सांगितलं."

मी खुर्चीत बसलो.

"तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी," आई म्हणाली. "सात-सव्वासात असतील. मी भांडी घासत होते. मागं वळले तर दारात उभा. ओलाचिंब. केसांतून पाणी गळत होतं. म्हटलं, अरे, या थंडीत ओल्या डोक्यानं फिरतोस? तर म्हणाला, 'आई, बारक्यानं बर्फ नीट मोजला नाही. त्याला रागावू नकोस.' मला कळेना, कुठला बर्फ? टॉवेल आणायला वळले तर हा नाही. म्हटलं, सकाळी विचारीन. सकाळी तुम्ही माझ्या आधीच निघून गेला होतात."

"आई, त्या संध्याकाळी रिंकवर मॅच होती. साडेपाचपासून दहापर्यंत लायल माझ्याजवळ होता. त्यानं तीनदा म्हातारी फिरवली. तो घरी आलाच नव्हता. आणि बर्फ मी मोजला तो दुसऱ्या दिवशी सकाळी."

"हो," ती म्हणाली. "ते मला नंतर कळलं."

चार महिने ती हे मनात घेऊन शाळेत पोरांना जेवण वाढत होती. गाव बोलत होतं आणि ती ऐकत होती. माझ्याविरुद्ध एक शब्द नाही. ती समोर बसली तशी मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिनं पिठाचा हात माझ्या केसांतून फिरवला. "शनिवारी पाद्रीबाबा बोलायच्या आधी तू उभा राहा," ती म्हणाली. "चारशे माणसांसमोर सांग. लायलचं नाव साफ कर. मग मी तुला रागावणार नाही, कधीच."

"सांगतो."

तिचा हात केसांत थांबला.

"काल संध्याकाळी तू कुठं होतास?"

"रिंकवर."

"सात वाजता?"

"तिथंच. साडेआठला निघालो. का?"

माझे केस तिनं बोटांत धरले, सोडले, पुन्हा धरले, जसं काही ओलं आहे का कोरडं ते बघत होती.

"आई... का विचारतेस?"

"काल सातला तू दारात उभा होतास, ओलाचिंब," ती म्हणाली. "मी विचारलं, काय रे, कुठं भिजलास? तू माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीस. माझ्या मागं कोणी उभं असावं तसा तिकडंच बघत राहिलास."

आता साडेसात झालेत. अजून उजेड आहे, तळं खिडकीतून दिसतंय, बर्फ बऱ्याच ठिकाणी सुटलाय. आईनं माझ्या गाडीच्या किल्ल्या स्वतःच्या खिशात टाकल्यात आणि दाराला पाठ लावून खुर्ची टाकून बसलीय. मला शुद्ध लिहिता येत नाही, शाळा मी नववीत सोडली. पण शनिवारी मी उभा राहू शकलो नाही तर हे कोणीतरी मोठ्यानं वाचा. लायलनं बर्फ मोजला नव्हता. मी मोजला होता.

मी आज पाण्याजवळ गेलेलो नाही. तोंडसुद्धा धुतलेलं नाही. तरी मघापासून शर्टाची कॉलर मानेला ओली लागतेय.